मध्यरात्रींची भाकर

आमच्या घराण्याची कुलदेवता माहूरची रेणुका. नांदेडाहून किनवटच्या बाजूनें जाणारी ती वाट, दुतर्फा उभें असलेलें सागाचें रान, डोंगरांना वळसा घालून वाहणारी पैनगंगा, आणि पायऱ्या चढून गेल्यावर गाभाऱ्यांत एकाएकीं सामोरें येणारें तें शेंदरानें माखलेलें भव्य मुख, हीं सारीं आमच्या लहानपणापासूनच्या ओळखीचीं आहेत. देवीचा विडा खलबत्त्यांत कुटून करतात. त्या कुटण्याचा आवाज आणि कुटलेल्या पानाचा वास एकदां मनांत शिरला म्हणजे इतर कांहीं विसरलें तरी तेवढें विसरत नाहीं. साडेतीन पीठांपैकीं हें एक पूर्ण पीठ. येथें येणारे बहुतेक यात्रेकरू कांहींतरी मागावयास येतात. आम्ही मात्र गेलीं कित्येक वर्षें येथें येतों तें एका गोष्टीची कबुली देण्यासाठीं. ती देवीपुढें अनेकदां दिली. वाचकांपुढें आज प्रथमच देत आहों.

आमचें घर नांदेडपासून बरेंच दूर असलेल्या एका खेड्यांत होतें. निजामी राजवट १९४८ सालीं संपली, पण डॉक्टराची सोय त्यानंतरही पुष्कळ वर्षें आमच्या गांवापर्यंत पोंचली नव्हती. घरांत आजीचा अंमल होता. आई थोरली सून. पहांटे सर्वांच्या आधीं उठावें आणि रात्रीं सर्वांच्या मागून जेवावें, हा तिचा क्रम. मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार ती निरंकार उपवासानें पाळी, आणि नवरात्रांत तर नऊही दिवस तिचा उपवास असे. तिच्या तोंडून कसली तक्रार निघालेली आम्हांला आठवत नाहीं.

आमच्या वयाच्या दहाव्या वर्षींची गोष्ट. एका शुक्रवारीं मध्यरात्रीं आम्हांला जाग आली. स्वयंपाकघरांत चिमणी मिणमिणत होती. विझलेल्या चुलीपाशीं आई बसली होती. एक हात पोटावर दाबलेला, दुसऱ्या हातांत कोरड्या भाकरीचा चतकोर, डोळे मिटलेले. ती आवडीनें खात नव्हती; औषध घ्यावें तसा एकेक घास गिळत होती. आम्हांला पाहून ती दचकली. "नीज जा, बाळा. पोटांत आग पडते, भाकर पडली म्हणजे विझते," एवढेंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं ही गोष्ट आजीला सांगितली. कां सांगितली, हें आम्हीं स्वतःला पुष्कळदां विचारलें आहे. आजीच्या मर्जींत राहिलें कीं गुळाचा खडा मिळे, हें एक कारण. आणि मोठ्या माणसाचें गुपित आपल्याला ठाऊक झालें, याचा पोरकट अभिमान हें दुसरें. आजी आईला एवढेंच म्हणाली, "उपासाच्या रात्रीं उठून भाकर खाणारी सून या घरांत पहिलीच आली." पण त्या दिवसापासून भाकरीची दुरडी आजीच्या उशाशीं जाऊं लागली. निजण्यापूर्वीं ती भाकरी मोजून ठेवी. घरांतल्या इतर बायका तोंडाला पदर लावून हंसत, आणि त्या हंसतात म्हणून आम्ही भावंडेंही हंसत असूं.

आईनें त्यानंतर रात्रीं कधीं कांहीं खाल्लें नाहीं. पुष्कळदां अपरात्रीं ती अंगणांत येरझाऱ्या घालतांना दिसे. गांवच्या वैद्यांनीं पित्तप्रकृति ठरवून शंखभस्म दिलें. कोणी खाण्याचा सोडा पाण्यांतून घ्यावयास सांगितलें. दोन्हींनीं घटकाभर बरें वाटे. १९५९ च्या नवरात्रांत, सातव्या माळेच्या रात्रीं, तिला काजळ कालवल्यासारखी काळी वांती झाली, आणि मग लाल रक्ताची. बैलगाडी जुंपून नांदेडची वाट धरीपर्यंत हातपाय गार पडले होते. पहांट होण्यापूर्वींच ती गेली. उपास मोडल्याचें फळ देवीनें दिलें, असें घरांत बोललें गेलें. आम्ही बारा वर्षांचे होतों. आम्हींही तें खरें मानलें.

पुढें शिक्षण झालें, नोकरी झाली, देवीच्या कोपावरचा विश्वास उडाला. पण आईवरचा तो आरोप कांहीं मनांतून पुसला गेला नाहीं. त्याचें केवळ नांव बदललें. पूर्वीं आम्ही त्याला पाप म्हणत होतों, मग हट्टाचे उपवास म्हणूं लागलों, आणि चार इंग्रजी पुस्तकें वाचल्यावर मनाचा कोंडमारा म्हणूं लागलों. आपल्या आजाराला आपणच कारण झालेली बाई, हेंच तिचें चित्र आमच्याजवळ उरलें होतें.

२००६ सालीं आमची स्वतःची पाळी आली. गुडघे दुखत म्हणून महिनाभर आम्ही वेदना थांबविणाऱ्या गोळ्या घेत होतों. अशांतच माहूरला गेलों. गडाच्या निम्म्या पायऱ्या चढून झाल्या असतील, तोंच डोळ्यांपुढें अंधारी आली, अंगाला घाम सुटला आणि आम्ही तेथेंच खालीं बसलों. दोन दिवसांपासून शौचास डांबरासारखें काळें होत होतें, पण तिकडे आम्हीं लक्ष दिलें नव्हतें. नांदेडला आणल्यावर डॉक्टरांनीं तोंडावाटे दुर्बीण घालून पाहिलें. जठराच्या पलीकडे, लहान आंतड्याच्या आरंभींच एक व्रण होता आणि त्यांतून रक्त झिरपत होतें. आमचें रक्त तपासलें. गट ओ निघाला. दोन बाटल्या रक्त द्यावें लागलें. व्रणाच्या जागीं जंतूही सांपडले.

तरुण डॉक्टरांनीं सहज विचारलें, "घरांत आणखी कोणाला हा त्रास होता काय?" आम्हीं म्हटलें, "आईला पोटाचा कांहींतरी विकार होता. ती रात्रीं उठून भाकर खात असे." त्यांनीं कागदावरून मान वर न करतांच सांगितलें, "मग त्यांना हेंच असणार. ड्युओडेनल अल्सरचें दुखणें रात्रीं दोनच्या सुमारास उठवतें, आणि खाल्लें कीं थांबतें." एवढें बोलून ते औषधें लिहूं लागले. सत्तेचाळीस वर्षें उभा असलेला एक खटला दोन वाक्यांत निकालांत निघाला, याची त्यांना कल्पना असण्याचें कारण नव्हतें.

बरे झाल्यावर आम्हीं या विषयाचें वाचन केलें, आणि पहिला धक्का बसला तो असा कीं, आईच्या दुखण्याचें वर्णन पुष्कळ पूर्वींपासून लिहून ठेवलेलें होतें. आपल्या माधवनिदानांत परिणामशूळ नांवाचा विकार स्वतंत्र सांगितला आहे. अन्न पचूं लागलें म्हणजे उठणारा तो शूळ. इंग्रज शस्त्रवैद्य मॉयनिहन यानें १९१० सालीं याच व्रणावर ग्रंथ लिहिला आणि भुकेल्या पोटीं उठणाऱ्या, खाल्ल्यानें शमणाऱ्या वेदनेला रोगाचें प्रमुख लक्षण मानलें. ज्या भाकरीवरून आईला खादाड ठरविलें, ती भाकर म्हणजे रोगाची साक्ष होती. वाचावयास घरांत कोणी नव्हतें, इतकेंच.

दुसरी गोष्ट जंतूंची. जठरांतील तीव्र अम्लांत कोणताही जीव तग धरूं शकत नाहीं, अशी वैद्यकाची दृढ समजूत होती. व्रण अम्लानें होतो आणि अम्ल चिंतेनें व तिखटानें वाढतें, असें मानून रोग्यास तासातासाला दूध देत, फारच झालें तर पोट कापीत. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञास १९७९ सालीं जठराच्या अस्तरावर वळसेदार जंतू दिसले. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याला येऊन मिळाला. जंतू वाढविण्याचे त्यांचे प्रयत्न फसत होते. १९८२ च्या ईस्टरच्या सुटींत कांचेच्या तबकड्या नेहमींपेक्षां अधिक दिवस तशाच राहिल्या, आणि त्यांवर जंतू वाढलेले आढळले. लोकांस पटेना, तेव्हां मार्शलनें १९८४ सालीं ते जंतू स्वतःच पिऊन टाकले. थोड्याच दिवसांत त्याच्या जठराला दाह झाला. या जंतूला आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. तो आपल्याभोंवतीं अमोनिया निर्माण करून अम्ल मारतो आणि त्या आडोशानें अस्तरांत ठाण मांडतो. दोघांना २००५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या रोगानें आईचा जीव घेतला, तो आमच्या बाबतींत दोन आठवड्यांच्या गोळ्यांनीं गेला.

आतां रक्ताच्या गटाविषयीं. कार्ल लँडस्टायनर यानें १९०१ सालीं हे गट जगापुढें मांडले. पहिल्या महायुद्धांत सालोनिका येथें हिर्झफेल्ड दांपत्यानें निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचें रक्त तपासलें, त्यांत हिंदी शिपाईही होते. बी गटाचें प्रमाण त्यांच्यांत फार मोठें आढळलें. आपल्या देशांत ओ आणि बी हेच दोन गट सर्वांत अधिक आहेत. पुढें १९५४ सालीं लंडनचे एअर्ड व त्यांचे सहकारी यांनीं हजारों रोग्यांचे गट पडताळून दाखविलें कीं, जठर व आंतड्याचा व्रण ओ गटाच्या लोकांना इतरांपेक्षां शेंकडा सुमारें पस्तीस अधिक होतो. स्वीडन आणि डेन्मार्क येथील दहा लाखांहून अधिक रक्तदात्यांच्या नोंदींवरून २०१० सालीं हाच संबंध पुन्हां दिसून आला.

रक्ताचा आणि जठराचा संबंध तरी काय, असें वाचक विचारतील. हे गट म्हणजे रक्तपेशींवर लटकलेल्या शर्करेच्या बारीक साखळ्या आहेत. ओ गटांत साखळीचें टोंक उघडें असतें. ए आणि बी गटांत त्यावर आणखी एकेक शर्करा चढते. बहुतेक माणसांच्या जठराच्या अस्तरावरही अशाच साखळ्या असतात. या जंतूचा हात त्यांपैकीं लुईस बी नांवाच्या साखळीला धरतो, हें १९९३ सालीं सिद्ध झालें. दक्षिण अमेरिकेंतील मूळ रहिवासी जवळजवळ सर्व ओ गटाचे. तेथील पुष्कळ जंतू केवळ ओ गटाचीच साखळी घट्ट धरणारे निघाले, तर इतर खंडांतील बहुतेक जंतू ए गटाचीही धरतात, असें २००४ सालीं आढळलें. जंतूलाही आपल्या यजमानाची जात ओळखावी लागते, असें म्हणावयास हरकत नाहीं. पण एवढ्यानें सारें उलगडत नाहीं. ज्यांच्या अस्तरावर या शर्करा उतरतच नाहींत, अशा लोकांनाही आंतड्याचा व्रण अधिक होतो, असें १९५० नंतरच्या दशकांत दिसलें होतें. ओ गटाबद्दल आणखी एक गोष्ट पक्की आहे. रक्त गोठविण्यास साह्य करणारें एक द्रव्य या गटाच्या माणसांत सुमारें एक चतुर्थांशानें कमी असतें. व्रण झाला तर त्यांतून रक्त जाण्याचा धोका म्हणून त्यांना जास्त.

याच संदर्भांत एका मराठी मुलखांतील शोधाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. मुंबईस डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांना असे रक्त सांपडलें कीं, त्यांत ओ गटाची ती मूळ साखळीदेखील नव्हती. १९५२ सालीं लॅन्सेटमध्यें तें प्रसिद्ध झालें, आणि जगभर तो बॉम्बे गट म्हणून ओळखला जातो. मुंबईकडे दहा हजारांत एखादा माणूस या गटाचा असतो. साध्या तपासणींत तो ओ गटाचाच दिसतो. पण त्याला ओ गटाचें रक्त दिलें तर प्राणावर बेततें. व्रणांतून रक्त जात असलेला असा रोगी दवाखान्यांत आला, तर नीट जुळणी केल्यावांचून बाटली लावणें म्हणजे त्याचा घात करणें होय. आमच्या हाताला ती बाटली लागण्यापूर्वीं जो अर्धा तास गेला आणि ज्यावरून आमचे चिरंजीव तेथील परिचारिकेवर रागावले, तो या जुळणीचाच होता.

आम्ही हयात असलेलीं तिन्ही भावंडें ओ गटाचीं आहों. वडील बी गटाचे होते, हें त्यांच्या एका शस्त्रक्रियेच्या कागदावरून कळतें. मूल ओ गटाचें व्हावयास आई आणि बाप दोघांकडूनही ओ चा अंश यावा लागतो. तेव्हां आईकडून आम्हां तिघांनाही ओ चाच अंश आला, हें निश्चित. ती स्वतः ओ गटाची असण्याचा संभव त्यामुळें मोठा आहे. पण तें सिद्ध मात्र होत नाहीं. तिचें रक्त कोणी तपासलें नव्हतें. आम्हीं तें शेवटीं चिमणीच्या उजेडांत, सारवलेल्या भुईवर पाहिलें, तेवढेंच.

या ठिकाणीं एक इशारा दिला पाहिजे. आमचें हें सांगणें ऐकून एका स्नेह्यांनीं तत्काळ आपल्या सुनेचा गट विचारला. म्हणजे आजीनें दुरडी मोजली आणि यांनीं रक्त मोजावें! शेंकडा पस्तीस अधिक याचा अर्थ एवढाच कीं, इतर गटांच्या शंभर माणसांपैकीं दहांना व्रण होत असेल, तर ओ गटाच्या शंभरांत तो तेरा-चौदांना होईल. उरलेल्या शहाऐंशी-सत्याऐंशींना होणार नाहीं. आपल्या देशांत निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटांत हा जंतू असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर कांहीं होत नाहीं. जंतूचा प्रकार, अन्न, तंबाखू, दुखण्यावरच्या गोळ्या, या सर्वांचा वांटा आहे. म्हैसूरला अनेक वर्षें राहिलेले शस्त्रवैद्य फ्रँक टोव्ही यांना तर भात खाणाऱ्या दक्षिणेंत हा व्रण गहूं खाणाऱ्या उत्तरेपेक्षां पुष्कळ अधिक आढळला होता. रक्ताचा गट ही पत्रिका नव्हे. पोटांत रात्रीं कळ उठत असेल, काळें शौचास होत असेल, तर गट न पाहतां डॉक्टराकडे जावें. गुडघ्यांसाठीं आपल्या मनानें गोळ्या घेणाऱ्या आमच्या समवयस्कांनीं तर हें विशेष ध्यानांत ठेवावें.

जंतू येतो कोठून, हेंही आम्हीं वाचलें. तो बहुधा लहानपणींच येतो, आणि बहुधा घरांतूनच. पुष्कळदां आईकडून मुलाकडे. आईनें चावून मऊ केलेला घास हा त्याचा एक मार्ग असल्याचें कांहीं देशांत आढळलें आहे. आम्हांला दांत येण्यापूर्वीं आईनें भाकरीचे घास असेच चावून भरविले असतील. तेव्हां घरोघरीं तीच रीत होती. म्हणजे ओ चा अंश तिनें दिला, आणि जंतूही बहुतेक तिनेंच दिला. पण हें लिहितांना आमच्या मनांत तक्रारीचा लवलेशही नाहीं. तिच्याजवळ जें होतें तें तिनें आपल्या तोंडांतून काढून दिलें. आमच्याकडून तिला काय मिळालें, तें वर सांगितलेंच आहे.

माहूरच्या रेणुकेची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यावर संशय आला, पतीनें आज्ञा केली, आणि पुत्रानें विचार न करतां परशु उचलला. परशुरामाचें भाग्य असें कीं, त्याला लागलीच वर मागतां आला आणि आई परत मिळाली. पुढें माहूरला ती सती गेली. मागें वळून पाहूं नको असें सांगितलें असतांही त्यानें पाहिलें, म्हणून तिचें केवळ मुखच भुईवर आलें, अशी तेथली कथा आहे. मागें वळून पाहणाऱ्याला आई पुरती मिळत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगूं शकतों. आम्हांलाही एक हात पोटावर दाबून, डोळे मिटून बसलेलें तें मुख तेवढें दिसतें.

गेल्या नवरात्रांत आम्ही पुन्हां गडावर गेलों. या खेपेस गोळ्या नव्हत्या. हातांत काठी होती, आणि दर वीस पायऱ्यांवर थांबत चढलों. गाभाऱ्यांत हात जोडून नेहमींचीच कबुली दिली: ती उपास मोडीत नव्हती, तिला दुखत होतें, आणि चहाडी आम्हीं केली होती. विडा घेऊन खालीं उतरलों. घरीं पोंचण्यास रात्र झाली. आमच्या सूनबाईंचाही त्या दिवशीं उपवास होता. निजण्यापूर्वीं आम्हीं स्वयंपाकघरांत डोकावलों. दुरडी उघड्या फळीवर होती. तींत दोन भाकरी फडक्याखालीं झांकून ठेवलेल्या होत्या. त्या मोजल्या नाहींत, एवढेंच. दिवा मात्र तसाच जळत ठेवून आम्ही निजावयास गेलों.